सी भाषेतले रँडम आकडे येतात कुठून?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण सी भाषेतल्या पूर्णांकांबद्दल बोललो. बत्तीस बिटांच्या डब्यात किती मावतं, मावेनासं झालं की वरचं कसं सांडतं, आणि उरलेली बाकीच तेवढी हातात कशी राहते, हे आपण पाहिलं. आज त्याच सांडण्याचा उपयोग करून घेणारं एक छोटंसं फंक्शन घेऊ या. त्याचं नाव रँड. जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्यानं ते कधी ना कधी वापरलेलं असतं, सापशिडीचा फासा टाकायला नाहीतर पत्ते पिसायला. आणि त्याच्याबद्दल जितके गैरसमज आहेत तितके सी भाषेतल्या दुसऱ्या कुठल्या फंक्शनबद्दल क्वचितच असतील.

आधी एक प्रयोग करू. जे घरून ऐकताहेत त्यांनीही करून बघा. एक चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा: रँड फंक्शनला तीनदा बोलवायचं आणि आलेले आकडे छापायचे. बाकी काही नाही. आता आम्ही इथून, तुमचा पडदा न बघता सांगतो. तुमच्याकडे कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तो निळ्या पडद्याचा टर्बो सी असेल, तर ३४६, १३०, १०९८२ आले असतील. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर असेल तर ४१, १८४६७, ६३३४. आणि लिनक्स असेल, म्हणजे जीएनयूची सी लायब्ररी असेल, तर पहिला आकडा १८०४२८९३८३ आणि दुसरा ८४६९३०८८६. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालवा. तेच आकडे येतील. उद्या चालवा, तेच येतील.

टर्बो सीच्या मंडळींसाठी एक गंमत. फासा टाकायला आपण सहाने भागून बाकी काढतो आणि एक मिळवतो. पहिले चार आकडे ३४६, १३०, १०९८२, १०९० घेतले तर फाशावर ५, ५, ३, ५ पडतं. म्हणजे ज्यांनी ज्यांनी बीज न बदलता सापशिडीचा प्रोजेक्ट केला, त्या सगळ्यांच्या सोंगट्या त्याच घरांवरून चालत गेल्या. परीक्षकांच्या ते लक्षात कसं येत नाही, हा वेगळा विषय.

आता प्रश्न असा की ज्याचं उत्तर आधी सांगता येतं त्याला रँडम म्हणायचं कशाला? मराठीत यादृच्छिक असा शब्द आहे. जे मनाला येईल तसं, नियमाविना घडतं ते यादृच्छिक. रँडचे आकडे तसे नाहीत, म्हणून त्यांना छद्म-यादृच्छिक म्हणतात. छद्म म्हणजे सोंग. सोंग कितपत वठलंय आणि ते कुठे उघडं पडतं, एवढंच आज बघायचं आहे.

सी भाषेचं प्रमाणपत्रक, म्हणजे स्टँडर्ड, या फंक्शनकडून फार थोडं मागतं. आकडा शून्यापासून रँड-मॅक्स नावाच्या मर्यादेपर्यंत असावा. ती मर्यादा किमान ३२७६७ असावी. एस-रँड या दुसऱ्या फंक्शननं बीज पेरता यावं, आणि तेच बीज पेरलं तर तीच माळ पुन्हा यावी. काहीच पेरलं नाही तर १ हे बीज समजावं. संपलं. आकडे चांगले पिसलेले असावेत असं त्यात कुठेही नाही. उलट २०११ च्या आवृत्तीत एक तळटीप आहे, तिचा आशय असा की दर्ज्याची हमी नाही, आणि काही ठिकाणी खालचे बिट चिंता वाटावी इतके अ-यादृच्छिक असतात. स्टँडर्ड लिहिणारे लोक सहसा इतकं मन मोकळं करत नाहीत.

त्याच पत्रकात एक नमुना मात्र दिलेला आहे. आतमध्ये एक संख्या जपून ठेवायची. दर वेळी तिला ११०३५१५२४५ ने गुणायचं, १२३४५ मिळवायचे, जे सांडेल ते सांडू द्यायचं. मग तिला ६५५३६ ने भागायचं आणि भागाकाराची ३२७६८ ने बाकी काढून ती बाहेर द्यायची. बीज १ असेल तर पहिल्या पायरीला आतली संख्या ११०३५२७५९० होते, तिला ६५५३६ ने भागलं की भागाकार १६८३८. हाच पहिला आकडा. कागदावर करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

या कृतीत दोन गोष्टी विचित्र वाटतात. एक, एवढ्या साध्या गुणाकार-बेरजेतून गोंधळ निर्माण कसा होतो? दुसरी, इतकी मेहनत करून काढलेल्या संख्येला ६५५३६ ने भागून खालचे सोळा बिट फेकून का द्यायचे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की पहिलंही आपोआप सुटतं. त्यासाठी फळ्यावर एक लहान यंत्र मांडू.

आपलं यंत्र फक्त चार बिटांचं आहे. म्हणजे त्यात ० ते १५ एवढेच आकडे. नियम: पाचाने गुणा, तीन मिळवा, सोळाने भागून बाकी ठेवा. सुरुवात ७ पासून करू. सात पंचे पस्तीस, तीन मिळवले अडतीस, सोळाने भागून बाकी ६. सहा पंचे तीस, तेहतीस, बाकी १. मग ८. असं करत गेलं की माळ येते: ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, आणि पुन्हा ७. सोळाही आकडे एकेकदा आले आणि चक्र पूर्ण झालं. यालाच आवर्तन म्हणतात. यंत्रात सोळाच अवस्था मावतात, तेव्हा सतरावी पायरी आधीच्या कुठल्यातरी पायरीवर पडणारच. बत्तीस बिटांच्या यंत्रातही हेच होतं, फक्त चक्राचा परीघ जास्तीत जास्त ४२९ कोटींच्या वर जातो.

वरवर पाहिलं तर माळ बऱ्यापैकी विस्कटलेली दिसते. पण आता नीट बघा. विषम, सम, विषम, सम, विषम, सम. एकदाही चुकत नाही. या यंत्राच्या आकड्याला दोनाने भागून छापा-काटा केला तर छापा आणि काटा एकाआड एक पडतील. आता चाराने भागून बाक्या काढू: ३, २, १, ०, ३, २, १, ०, ३, २, १, ०, ३, २, १, ०. हे यादृच्छिक तर नाहीच, ही चक्क उलटी गिनती आहे.

असं का होतं? शाळेत शिकलेली गोष्ट आठवा. दोन लांबलचक संख्यांच्या गुणाकाराचा एककाचा अंक काढायचा असेल तर फक्त दोघांच्या एककांचा गुणाकार केला की पुरतं. दशक, शतक काहीही असोत, एककाला त्याची खबर नसते. हातचा वर जातो, खाली कधीच येत नाही. बिटांचंही तेच. सगळ्यात खालचा बिट फक्त स्वतःवर अवलंबून असतो, म्हणजे त्याचं स्वतःचं एक बिटाचं यंत्र असतं आणि त्याचं आवर्तन दोन. खालच्या दोन बिटांचं आवर्तन चार, तीन बिटांचं आठ. जसजसं वर जावं तसतसे हातचे जमा होत जातात आणि गोंधळ वाढतो. खरी घुसळण वरच्या बिटांत होते. म्हणून तो भागाकार. खालचे सोळा बिट गाळासारखे तळाशी राहतात, ते ओतून द्यायचे.

सगळ्यांनी ते ओतून दिले नाहीत. जुन्या बर्कली युनिक्सवरचं रँड फंक्शन आतली संख्या जवळजवळ तशीच बाहेर देत असे, आणि तिथे दोनाने भागून छापा-काटा केला की खरोखर एकाआड एक पडत असे. लोकांनी तक्रारी केल्या, मग रँडम नावाचं दुसरं फंक्शन आलं. आणि भागाकार केला तरी सगळा गाळ जातो असं नाही. नमुन्यातल्या फंक्शनच्या आकड्याचा सगळ्यात खालचा बिट हा आतल्या संख्येचा सतरावा बिट. त्याचं आवर्तन १,३१,०७२. तेवढ्या नाणेफेकी झाल्या की तीच माळ पुन्हा पहिल्यापासून. घरगुती खेळाला हे भरपूर आहे, पण एखाद्या गणनेत दहा लाख नाणेफेकी लागत असतील तर आपण एकच गोष्ट सात-आठ वेळा मोजतो आहोत आणि अनुभव मात्र दहा लाखांचा आहे असं समजतो आहोत.

हे गुणाकाराचं तंत्र सीपेक्षा बरंच जुनं आहे. १९४० च्या दशकात पहिले संगणक आले तेव्हाच आकडे हवे झाले. अणुभौतिकीच्या गणितांत न्यूट्रॉन कुठे जाईल हे फासा टाकून ठरवावं लागे. फॉन नॉयमन यांनी वर्ग करून मधले अंक घेण्याची युक्ती काढली. युक्ती सुंदर, पण ती मध्येच अडकते. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४. मधले चार अंक काढा: ३७९२. झालं, यंत्र जन्मभर तिथेच. डेरिक लेहमर यांनी १९४९ च्या सुमारास गुणून बाकी ठेवण्याची पद्धत सुचवली, आणि तिचीच नातवंडं-पतवंडं आजही लायब्ररींत बसलेली आहेत.

त्यातलं एक नातवंड फार वाया गेलं. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर रँडू नावाचा जनित्र असे. नियम सोपा: ६५५३९ ने गुणा, दोनच्या एकतिसाव्या घाताने भागून बाकी ठेवा. ६५५३९ का, तर ती संख्या म्हणजे दोनचा सोळावा घात अधिक तीन, त्यामुळे गुणाकार झटपट होई. आता दोन पायऱ्या एकदम टाका, म्हणजे या संख्येचा वर्ग करा. दोनचा बत्तिसावा घात, अधिक सहा गुणिले दोनचा सोळावा घात, अधिक नऊ. बत्तिसावा घात बाकीत नाहीसा होतो. उरलेलं जुळवून लिहिलं की निघतं: सहा गुणिले ६५५३९, वजा नऊ. याचा अर्थ असा की माळेतला कुठलाही आकडा म्हणजे त्याच्या आधीच्या आकड्याची सहापट वजा त्याच्याही आधीच्याची नऊपट, बाकी धरून. तीन लागोपाठचे आकडे घेऊन खोलीत एक ठिपका मांडा, असे हजारो ठिपके मांडा, आणि योग्य कोनातून बघा: सगळे ठिपके पंधरा समांतर पातळ्यांवर बसलेले दिसतात, मधली जागा रिकामी. जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ मध्ये दाखवलं की या जातीच्या सगळ्याच जनित्रांना अशा पातळ्या असतात. चांगल्यात त्या इतक्या दाट असतात की दिसत नाहीत, रँडूत पंधराच. कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांनी या जनित्रावर गणितं केली, आणि एकेक आकडा सुटा बघितला तर तो ठीकच दिसत होता.

आता बीजाकडे वळू. प्रत्यक्ष प्रोग्राममधली बहुतेक भानगड इथेच होते.

रोज तेच आकडे नकोत म्हणून पुस्तकं सांगतात: टाइम फंक्शन बोलवा, ते जे देईल ते एस-रँडला पेरा. टर्बो सीतलं रँडमाइझ हेच करतं. टाइम सहसा १९७० पासूनचे सेकंद देतं. सेकंद, हे लक्षात ठेवा. नवशिक्या विद्यार्थी पेरण्याची ओळ लूपच्या आत लिहितो, लूप एका सेकंदात हजारदा फिरतो, आणि हजारही वेळा तोच आकडा येतो, कारण दर वेळी तेच बीज पेरून माळ पहिल्यापासून सुरू होते. मग तो म्हणतो रँड बिघडलाय. रँड अगदी सांगितलं तसं वागतोय. पेरणी एकदाच करायची असते, शेतातही आणि इथेही.

पण एकदाच पेरलं तरी सगळं आलबेल नाही. मायक्रोसॉफ्टच्या फंक्शनचा नियम असा: २१४०१३ ने गुणा, २५३१०११ मिळवा, सोळा बिट टाकून द्या, पंधरा बिट ठेवा. बीज १ पेरलं तर पहिला आकडा ४१. बीज २ पेरा: ४५. बीज ३: ४८. मग ५१, मग ५४. दिसलं? बीज एकाने वाढलं की पहिला आकडा तीन-चाराने पुढे सरकतो, कारण २१४०१३ भागिले ६५५३६ म्हणजे सव्वातीनच्या आसपास. आणि आपलं बीज म्हणजे घड्याळ, ते दर सेकंदाला एकाने वाढतंय. म्हणजे प्रोग्राम दर सेकंदाला नव्याने सुरू केला तर पहिला "यादृच्छिक" आकडा काट्यासारखा पुढे पुढे सरकताना दिसेल. साधारण १०,०३४ सेकंदांनी, पावणेतीन तासांहून थोड्या जास्त वेळानं, फेरी पूर्ण.

यात एक खास सापळा आहे. आपण आत्ताच म्हणालो की खालचे बिट वाईट, वरचे चांगले. म्हणून जाणकार सांगतात, सहाने बाकी काढू नका, आकड्याला सहाने गुणून ३२७६८ ने भागा, म्हणजे वरचे बिट वापरले जातील. सल्ला बरोबर आहे. पण वरच्या उदाहरणात पेरून लगेच पहिला फासा असा टाकलात तर काय होईल? ३२७६८ चे सहा भाग, प्रत्येक भाग सुमारे ५४६१ चा, आणि आकडा सेकंदाला सव्वातीनने सरकतोय. म्हणजे एका भागात तो जवळजवळ अठ्ठावीस मिनिटं राहतो. अर्धा तास प्रोग्राम कितीही वेळा चालू-बंद करा, पहिला फासा बहुधा एकच पडेल. दुसऱ्या फाशापासून परिस्थिती सुधारते. म्हणून जुने लोक पेरल्यावर पहिले काही आकडे फुकट घालवायचे. जीएनयूची लायब्ररी स्वतःच आतल्या आत पहिले ३१० आकडे फेकते आणि मग तुम्हाला द्यायला लागते.

आता बाकी काढण्याबद्दल, कारण इथे कुणाचं तरी खरं नुकसान होऊ शकतं. समजा एखाद्या गणेशोत्सव मंडळानं लकी ड्रॉ ठेवला. वीस हजार कुपनं खपली. मंडळातल्या इंजिनिअर पोरानं विंडोजवर सीमध्ये प्रोग्राम लिहिला: रँडला वीस हजाराने भागा, बाकीत एक मिळवा, तो विजेता. रँडचे आकडे ० ते ३२७६७, एकूण ३२७६८. त्यातले पहिले वीस हजार प्रत्येक कुपनाला एकेकदा पोचतात. उरलेले १२,७६८ पुन्हा सुरुवातीपासून वाटले जातात. म्हणजे १ ते १२,७६८ या कुपनांना दोन संधी आणि त्यापुढच्यांना एक. ज्यानं शेवटच्या दिवशी कुपन घेतलं त्यानं पैसे तेवढेच दिले, पण शक्यता मात्र निम्मी. कुपनं पन्नास हजार असती तर आणखी वाईट: ३२,७६८ च्या पुढचं कुपन कधीच लागणार नाही. कधीच म्हणजे शून्य शक्यता. स्टेजवर आकडा फिरतोय, लोक श्वास रोखून बघताहेत, आणि सतरा हजारांहून जास्त माणसं त्या खेळात नाहीतच. यात कुणी लबाडी केलेली नाही. प्रोग्राम शंभरदा चालवून बघितला तरी संशय यायचं कारण नाही, कारण येणारा प्रत्येक आकडा दिसायला चांगलाच असतो. न येणारे दिसत नाहीत.

फाशाच्या बाबतीत हा पक्षपात नगण्य आहे. ३२७६८ ला सहाने भागलं तर ५४६१ आणि बाकी दोन. १ आणि २ या दानांना एकेक संधी जास्त, साडेपाच हजारांत एक. पण उपाय दोन्हीकडे तोच: समान वाटणी होईल एवढेच आकडे ठेवायचे, वरचे उरले की फेकून पुन्हा बोलवायचं. फाशासाठी ३२७६६ किंवा ३२७६७ आला तर तो नाकारायचा. वीस हजारांसाठी वीस हजार किंवा वरचा कुठलाही नाकारायचा. आणि पन्नास हजारांसाठी? तिथे हा जनित्रच बदलायचा. पाच लिटरच्या बादलीतून दहा लिटर ओतता येत नाहीत.

आतापर्यंत आपण असं धरून चाललो की समोर कुणी वैरी नाही. वैरी आला की खेळ पूर्ण बदलतो. त्याला आकडे चांगले पिसलेत की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला पुढचा आकडा हवा असतो. लिनक्सच्या रँडचंच बघा. तिथला प्रत्येक आकडा म्हणजे तीन घरं मागचा अधिक एकतीस घरं मागचा, कधी त्यात एक मिळवलेला. एकतीस आकडे पाहिले की पुढचा आकडा तुम्ही तोंडी सांगू शकता, चुकलात तर एकाने चुकाल.

१९९५ मध्ये नेटस्केप हा इंटरनेटवरचा मोठा ब्राउझर होता आणि क्रेडिट कार्डांचे आकडे त्याच्या कुलुपात जात. बर्कलीतले दोन संशोधक विद्यार्थी, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर, यांनी कुलूप उलगडून पाहिलं. गणित भक्कम होतं. पण किल्लीचं बीज तयार झालं होतं वेळेतून आणि दोन प्रोसेस क्रमांकांतून. त्याच यंत्रावर ज्याचं खातं असेल त्याला प्रोसेस क्रमांक एका आज्ञेत दिसतात, सेकंद माहीत असतो, उरतात फक्त मायक्रोसेकंद: दहा लाख शक्यता. संगणकाला दहा लाख म्हणजे काहीच नाही.

१९९९ मध्ये इंटरनेटवरच्या पोकरचं तसंच झालं. खेळ चालवणाऱ्यांनी पत्ते पिसण्याचा कोड स्वतःहून जाहीर केला होता, आमचा व्यवहार चोख आहे हे दाखवायला. तो कोड सीमध्ये नव्हता, पास्कलमध्ये होता, पण रोग तोच. बावन्न पत्ते लावायच्या रीती इतक्या की ती संख्या अडुसष्ट अंकी होते. बत्तीस बिटांचं बीज म्हटलं की त्यातल्या जेमतेम ४२९ कोटी उरतात. बीज मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद होतं, मग उरल्या ८ कोटी ६४ लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की उरल्या सुमारे दोन लाख. आपल्या हातातले दोन पत्ते आणि टेबलावरचे तीन, एवढ्यांवरून संशोधकांचा प्रोग्राम बाकी सगळ्यांचे पत्ते सांगू लागला.

आणि तिसरी गोष्ट डेबियनची, ही मात्र अस्सल सी भाषेतली. ओपन-एसएसएल ही लायब्ररी किल्ल्या बनवताना इकडून तिकडून यादृच्छिकता गोळा करून एका हौदात ढवळते. त्यात कधी कधी आरंभ न केलेली स्मृतीही ढवळली जाई. चुका शोधणारी साधनं त्यावर इशारे देत. २००६ मध्ये डेबियनच्या आवृत्तीत त्या इशाऱ्यांना कंटाळून दोन ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. दुर्दैव असं की त्यातली एक ओळ सगळीच यादृच्छिकता हौदात ओतणारी होती. इशारे थांबले, प्रोग्राम उत्तम चालला, आणि हौदात उरला फक्त प्रोसेस क्रमांक. तो त्या काळी ३२७६८ च्या आत असे. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या किल्ल्या जगभर मिळून बत्तीस हजारांच्या आसपासच. मे २००८ मध्ये लुसियानो बेयो यांनी हे उघड केलं तोवर डेबियन आणि उबुंटूच्या यंत्रांवर दोन वर्षं अशा किल्ल्या बनत होत्या. सगळ्या संभाव्य किल्ल्यांची यादी एका डिस्कवर मावत होती. फक्त सॉफ्टवेअर सुधारून भागलं नाही, बनलेली प्रत्येक किल्ली फेकून नवी करावी लागली.

मग वापरायचं काय? गुपितासाठी रँड नाही, रँडम नाही, आणि मर्सेन ट्विस्टरही नाही. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचा जनित्र खरोखर उत्कृष्ट आहे, त्याचं आवर्तन सहा हजार अंकी संख्येइतकं लांब आहे. पण त्याचे ६२४ आकडे लागोपाठ पाहिले की आतली सगळी अवस्था उलगडते. गुपितासाठी कार्यप्रणालीकडेच मागायचं: लिनक्सवर २०१४ पासून गेट-रँडम आहे, ओपन-बीएसडीवर आर्क-फोर-रँडम. ती यंत्रं उपकरणांच्या हालचालींतली अनिश्चितता गोळा करतात आणि मग गूढलेखनाच्या चाळणीतून देतात.

दुसऱ्या बाजूला, प्रतिकृती चालवणाऱ्यांना, म्हणजे साथ कशी पसरेल, पूल वाऱ्यात किती हलेल असलं गणित करणाऱ्यांना, तेच बीज पेरलं की तीच माळ येणं हा दोष वाटत नाही, ती सोय आहे. लाखाव्या फेरीत प्रोग्राम कोसळला तर तीच लाखावी फेरी पुन्हा आणता येते. त्यांनी रँड टाळावा तो दर्ज्यासाठी, गुपितासाठी नव्हे. आणि वापरलेलं बीज निकालासोबत लिहून ठेवावं. हे कितीतरी जण करत नाहीत.

वेळ संपत आली आहे. प्रेक्षकांतून एक प्रश्न लिहून आलाय: मग मंडळानं मडक्यात चिठ्ठ्या टाकून लहान मुलाच्या हातानंच काढाव्यात का? पन्नास हजार चिठ्ठ्यांना मडकं मोठं लागेल, आणि त्या नीट ढवळणं वाटतं तेवढं सोपं नाही. पण प्रश्नात मुद्दा आहे: मडकं सगळ्यांना दिसतं, प्रोग्राम दिसत नाही. गेट-रँडमनं काढलेला आकडा कितीही चोख असला तरी तो पडद्यामागेच टाइप केला नव्हता हे कुणी कसं ओळखायचं? अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून मतदानानंतर कुठल्या मतपत्रिका हातानं तपासायच्या ते चिठ्ठ्यांसारखंच ठरवतात. तिथे लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून वीस अंकी बीज मिळवतात. ते जाहीर होतं, आणि ते एका उघड, सर्वांना ठाऊक असलेल्या जनित्राला देतात. ज्याला शंका आहे त्यानं घरी तेच बीज पेरायचं. मतपत्रिकांची तीच यादी त्याच्याही पडद्यावर येते.